आईच्या धापेसाठी व्हीआर हेडसेट घेऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे वाचक पुण्यात नोकरी करतात, वय ३६. आई ६३ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चाळीसेक वर्षं चुलीवर स्वयंपाक केलेली. विडी-सिगारेट कधी शिवली नाही तरी दोन वर्षांपूर्वी सीओपीडी (श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन धाप लागत राहणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) निघाला, त्याआधी बरीच वर्षं सगळे 'दमा आहे' म्हणून सोडून देत होते. वडील गेल्यावर आई मुलाकडे राहायला आली. इनहेलर चालू आहेत, घरी ऑक्सिजन लागत नाही. डॉक्टरांनी पल्मनरी रिहॅब (फुप्फुसाच्या पेशंटसाठी सेंटरवर जाऊन देखरेखीखाली करायचा व्यायाम) सांगितलं, आई दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा नको म्हणाली. आता दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीवर बसून असते. मुलाने परदेशातल्या एका हॉस्पिटलचा व्हिडिओ पाहिला, वयस्कर पेशंट डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (आपण दुसऱ्याच जागी आहोत असं वाटायला लावणारा, डोळ्यांवर बांधायचा पडदा) लावून हसत हसत हात-पाय हलवतायत. तसा हेडसेट पन्नास हजारांच्या आसपास पडेल असा त्यांचा हिशोब आहे. बहीण म्हणते, तिला व्हिडिओ कॉल धड उचलता येत नाही आणि तू हे काय घेऊन बसलायस. बायको काहीच म्हणत नाही. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "मी सकाळी आठला निघतो आणि रात्री आठला येतो. आईला व्यायामाचा कंटाळा आहे. हेडसेटने तो जाईल का, की मी नुसतं माझं समाधान विकत घेतोय?"

नमस्कार दादा,

शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतःच स्वतःला विचारलात, माझं निम्मं काम तिथेच झालं. मी फिजिओथेरपिस्ट, छातीच्या पेशंटबरोबर रोज काम करते, व्हीआर वापरून पाहिलंय आणि मला ते आवडतंसुद्धा, त्यामुळे 'असलं काही घेऊ नका' असं मी सांगणार नाहीये. पण हेडसेटवर यायच्या आधी एक गोष्ट बोलू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात बहिणीचं मत आहे, बायकोचं गप्प बसणं आहे, किंमत आहे, व्हिडिओ आहे, आणि काकू काय म्हणतात ते मात्र एका शब्दात आहे, 'नको'. का नको ते कुणी विचारलंय का? 'कंटाळा' हा शब्द तुमचा आहे, काकूंचा नाही.

आमच्याकडे एक आजी यायच्या, त्यासुद्धा दोन-तीन वेळा येऊन बंद झाल्या. मुलगा म्हणाला आळस करते. मी फोन केला तर आजी म्हणाल्या, "आळस नाही गं पोरी, त्या मशीनवर चालताना तोंड उघडं पडतं, पदर खांद्यावर राहत नाही आणि समोर चार पुरुष बसलेले असतात." झालं. आम्ही त्यांची वेळ बदलली, सकाळी बायकाच असतात तेव्हाची दिली, आणि आजी पूर्ण आठ आठवडे आल्या. त्यात टेक्नॉलॉजीचा काडीचा संबंध नव्हता. काकूंचं कारण वेगळं असेल, रिक्षाचा त्रास असेल, दर वेळी तुम्हाला किंवा सुनेला सुट्टी टाकायला लावतो याचं ओझं असेल, किंवा सरळ भीती असेल. आणि भीती असेल तर मला अजिबात नवल वाटणार नाही. तुम्ही जिना पळत चढलात तर तुम्हाला पण धाप लागते, पण दोन मिनिटांत ती जाणार हे तुम्हाला माहीत असतं. काकूंना तसं वाटत नाही, त्यांना वाटतं आता पुढचा श्वास येतोय की नाही. अशा माणसाला 'चाला, चांगलं असतं' म्हणणं सोपं आहे, चालणं नाही.

ही धाप नेमकी कशी लागते ते घरातल्या सगळ्यांनी समजून घ्या, बहिणीला पण वाचायला द्या. सीओपीडीत फुप्फुसातल्या नळ्या अरुंद आणि ढिल्या झालेल्या असतात. हवा आत जाते पण बाहेर पडायला वेळ लागतो. बसल्या जागी तेवढा वेळ मिळतो, चालायला लागलं की श्वास भरभर होतो आणि आधीची हवा बाहेर पडायच्या आत पुढची आत येते, छातीत हवा कोंडत जाते आणि मग श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून माणूस चालणं टाळतो. चालणं टाळलं की मांड्या वाळतात, वाळलेल्या मांड्या लवकर थकतात, आणि थकलेले स्नायू थोडक्या कामाला जास्त श्वास मागतात. म्हणजे पुढच्या महिन्यात संडासपर्यंत जाताना पण धाप. रिहॅब हे चक्र पायांच्या बाजूने तोडतं. फुप्फुसाचा रिपोर्ट आठ आठवड्यांनंतर जवळपास तसाच येतो, बरेच नातेवाईक तो बघून नाराज होतात, पण तोच माणूस जास्त चालतो, आंघोळीनंतर कमी वेळ पलंगावर टेकतो. याचा पुरावा पण भक्कम आहे, २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते) ६५ चाचण्या आणि ३,८२२ पेशंट होते, आणि साध्या चालण्या-बसण्या-उठण्याच्या रिहॅबचा फायदा त्यात इतका स्पष्ट होता की 'रिहॅब द्यायचं की नाही' हा वाद तिथे संपल्यासारखाच आहे.

(आणि नातेवाईक 'सिगारेट नाही तर हा आजार कसा' विचारत असतील तर सांगा, २००९ साली पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी लॅन्सेट या वैद्यकीय मासिकामध्ये याच विषयावर लिहिलं होतं, सीओपीडीच्या पेशंटपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नसते असा अंदाज त्यात आहे. चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण. काकूंनी काही चूक केलेली नाही, त्यांनी सगळ्यांना भाकऱ्या करून घातल्या.)

आता व्हीआर. तुमच्या मनात जे चित्र आहे ते हेडसेट घालून चालणाऱ्या, हात उडवणाऱ्या आईचं आहे. प्रत्यक्षात अभ्यासांमध्ये काय काय झालंय ते बघा. पोलंडमध्ये २०२० साली १०६ पेशंटवर एक अभ्यास छापून आला, त्यात हेडसेट नव्हताच, टीव्हीसमोर उभं राहायचं आणि किनेक्टचा कॅमेरा तुमची हालचाल बघून गेम खेळवायचा. नेहमीच्या व्यायामाबरोबर तो गेम जोडला तर फिटनेसच्या टेस्टमध्ये फायदा दिसला. नंतर २०२१ मध्ये तिथेच हेडसेटचा अभ्यास झाला, ५० पेशंट, आणि हा भाग मला फार आवडतो, हेडसेट घालून कुणी पळत नव्हतं. व्यायाम वेगळा चालूच होता. हेडसेट लावून पेशंट एक बाग बघत होते, पहिल्या दिवशी उजाड, करडी, आणि रोज थोडी थोडी रंगात येत जाणारी. दोन आठवड्यांनी त्यांचा ताण आणि उदासी कमी झाली होती. चालण्यात मात्र दोन्ही गटांची सुधारणा झाली, ज्यांनी बाग बघितली नाही त्यांची पण. म्हणजे बागेने मन धरलं, पाय व्यायामाने धरले. आणि हे सगळे हॉस्पिटलात होते, आजूबाजूला स्टाफ होता.

घरी एकट्याने हेडसेट लावून करायचा अभ्यास पण आहे, इंग्लंडमधला, २०२० साली छापलेला, आठ आठवडे चालला, लोकांना आवडला. पेशंट किती? दहा. दहा म्हणजे तुमच्या बिल्डिंगचे दोन मजले. त्यावरून 'चालू शकतं, करून बघायला हरकत नाही' एवढं म्हणता येतं, 'रिहॅब सेंटरऐवजी हे चालेल' असं म्हणता येत नाही. एकूणच अभ्यास लहान लहान आहेत, प्रत्येकाचं यंत्र वेगळं, पद्धत वेगळी, आणि जो किनेक्ट पोलंडमध्ये वापरला तो बनवणं मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच बंद केलंय.

मग फायदा कशाने होतो? लक्ष हटतं. सीओपीडीचा माणूस चालताना सतत स्वतःच्या छातीकडे कान लावून असतो. डोळ्यांसमोर दुसरं काही आलं की तो कान जरा सुटतो, मग तीच धाप कमी वाटते आणि माणूस दोन मिनिटं जास्त करतो. पण दादा, धोका पण तिथेच आहे. धाप ही छातीची घंटा आहे. लक्ष हटलं की घंटा कमी ऐकू येते, आणि तेवढ्यात ऑक्सिजन घसरलेला असू शकतो. म्हणून हेडसेट लावला की बाजूला एक माणूस लागतो, बोटावरच्या ऑक्सिमीटरकडे बघणारा, कारण ज्याने हेडसेट लावलाय त्याला स्वतःचं बोट दिसत नाही. त्यात तोल जायची भीती, पायात साडीच्या निऱ्या, खाली टीपॉय.

आता परत तुमचं वाक्य वाचा, सकाळी आठ ते रात्री आठ. ज्या बारा तासांसाठी तुम्ही हे यंत्र घेताय त्याच बारा तासांत ते वापरता येणार नाही. काकू घरात एकट्या असतील तर मी तरी हेडसेट लावू देणार नाही. सूनबाई घरी असतील तर त्या गप्प का आहेत ते पण मला आता थोडं कळतंय, नव्या यंत्राची ड्युटी कुणाकडे येणार हे त्यांना आधीच दिसलं असावं.

बहिणीचा मुद्दा मात्र मी फारसा धरत नाही. व्हिडिओ कॉल उचलता येत नाही म्हणून व्हीआर जमणार नाही असं काही नसतं, दुसऱ्या कुणी चालू करून दिलं तर सत्तरीची माणसं छान वापरतात. आमच्याकडे एका काकांना हेडसेटवर जंगल दाखवलं, उंच उंच सुचीपर्णी झाडं, बर्फ, सगळं भारी. काकांनी पाच मिनिटं बघितलं, काढलं आणि म्हणाले, "छान आहे, पण इथं ओळखीचं कुणीच नाही." हे मला विसरता येत नाही. आणि यातूनच तुम्हाला पहिली गोष्ट सुचवते, जिला पन्नास हजार लागत नाहीत.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फोनवर शूटिंग करा. घराच्या ओट्यापासून देवळापर्यंत, किंवा शाळेपासून ओढ्यापर्यंत, दहा-बारा मिनिटं, न थांबता. तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावा आणि काकूंना टीव्हीसमोर खुर्चीची पाठ धरून जागच्या जागी चालू दे. दार दिसलं की त्या म्हणणार हे कुणाचं, अरे हे रंगवलं कधी, ती म्हैस कुणाची. बोलतायत म्हणजे वेग बरोबर आहे. हाच आपला स्वस्त मीटर, चालताना चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे आणि एकेक शब्द तुटत असेल तर जास्त आहे. शून्य ते दहात धाप किती असं विचारलं तर उत्तर ३-४ यावं. पहिल्या आठवड्यात दोन-दोन मिनिटांचे तुकडे, मधे बसायचं, मग वाढवायचं. महिनाभर हे टिकलं तर पडद्यावरचं बघत व्यायाम करणं काकूंना जमतं हे तुम्हाला कळलं, मग हेडसेटचा विचार करा. नाही टिकलं तर पन्नास हजार वाचले.

पण त्याच्याही आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन हे चार प्रश्न विचारा: काकूंची सहा मिनिटं चालण्याची टेस्ट झालीये का, चालताना ऑक्सिजन किती खाली जातो, हृदयाची तपासणी झालीये का, आणि घरी व्यायाम करताना कुठल्या आकड्याला थांबायचं. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन साधारण ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबून बसायचं असं आम्ही सांगतो, पण काकूंचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी सांगू दे. ऑक्सिमीटरला नेलपॉलिश, मेंदी, गार बोटं यांनी पण चुकायची सवय आहे, हात चोळून गरम करून लावा. सहा मिनिटांच्या टेस्टमध्ये काकू किती मीटर चालल्या ते लिहून ठेवा. आठ आठवड्यांनी तीसेक मीटर वाढले तर ती खरी सुधारणा.

इनहेलर पण एकदा कुणासमोर तरी ओढून दाखवायला सांगा. कॅप्सूल मशीनमध्ये टाकायच्या ऐवजी पाण्याबरोबर गिळणारे पेशंट मी स्वतः पाहिलेत, आणि त्यांच्या घरी औषधं व्यवस्थित चालू आहेत असंच सगळ्यांना वाटत असतं. श्वास मोकळा करणारा जो इनहेलर डॉक्टरांनी दिलाय तो व्यायामाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घेऊ का हे विचारून घ्या, बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो.

श्वासाची एक युक्ती आजच शिकवा. नाकातून फुलाचा वास घेतल्यासारखा श्वास आत, आणि ओठांचा चंबू करून समईची ज्योत हलेल पण विझणार नाही इतका हळू बाहेर. आत दोन आकडे, बाहेर चार. मघाशी सांगितलं ना, हवा कोंडते, हे त्याच्यावरच आहे, बाहेर पडायला वेळ मिळतो. धाप लागलीच तर खुर्चीत बसून पुढे झुकायचं, कोपरं मांड्यांवर, आणि हाच चंबू. दोन मिनिटांत धाप उतरते हे काकूंनी तुमच्यासमोर तीन-चार वेळा अनुभवलं की भीती बरीच सुटेल, आणि हे मी हेडसेटपेक्षा वर ठेवते. मांड्यांसाठी खुर्चीतून उठ-बस, हात न टेकता, पाच-पाचचे दोन सेट. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या. कफाचा रंग बदलला, कफ वाढला, ताप आला, पायाला सूज आली, नेहमीपेक्षा धाप जास्त वाटली तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन.

सोडलेल्या सेंटरचं पण बघा. काकूंना विचारून कारण कळलं की तिथल्या फिजिओला फोन करून स्पष्ट सांगा, आठवड्यातून तीनदा येणं जमत नाही, एकदा येऊन शिकतो आणि बाकी घरी करतो असं चालेल का. बरेच जण तयार होतात, विचारत कुणी नाही. किंवा हेडसेटच्या त्याच पैशातले काही घालून काही महिने आठवड्यातून दोनदा घरी येणारी फिजिओ बघा, तिला आधीच विचारा, छातीच्या पेशंटचं काम केलंयस का, नाहीतर ती गुडघ्याचे व्यायाम देऊन जाईल. इतर वाचकांनी पण, गावात सेंटर नसेल तर जवळच्या मेडिकल किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत 'पल्मनरी रिहॅब' हाच शब्द वापरून चौकशी करा, नुसतं 'छातीचा व्यायाम' म्हटलं तर श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं खेळणं हातात देऊन पाठवतात, आणि तेवढ्याने हे काम होत नाही.

एवढं सगळं करून पण हेडसेट घ्यावासा वाटला तर घ्या, चैन म्हणून घ्या, त्यात वाईट काही नाही. आधी कुणाचा तरी मागून आणा. चक्कर यायची सवय, फिट येणं, पेसमेकर, मानेचा त्रास यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वजन अर्धा किलोच्या आसपास असतं आणि पट्टा बरोबर अंबाड्यावर येतो, चष्मा आत दाबला जातो, या बारीक गोष्टींवरूनच बायका हेडसेट नको म्हणतात आणि आपण समजतो टेक्नॉलॉजी नको म्हणतायत. सुरुवात बसूनच, हात असलेल्या आणि चाकं नसलेल्या खुर्चीत, पाच मिनिटं, जेवणानंतर लगेच नाही. ज्यात आपण उडतोय, गाडीत बसलोय असं दाखवतात ते नको, डोळे म्हणतात हललो आणि कान म्हणतात बसलोय, मग मळमळ. एका जागी बसून बघायचं काहीतरी, बाग, तळं, देऊळ. संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर, तुम्ही बाजूला बसून. फोन आत सरकवायचे स्वस्त डबे मिळतात, त्यांनी मळमळ जास्त होते असा माझा अनुभव आहे, त्यावरून व्हीआरची परीक्षा करू नका.

ज्यांच्या घरी ऑक्सिजन चालू आहे त्यांनी आणखी जपा. नाकातली नळी पट्ट्याखाली दबत नाहीये ना ते बघा, जमिनीवरची नळी पायात येते, आणि हेडसेट चार्जिंगला लावलेला असताना वापरू नका. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत समई, उदबत्ती, गॅस काहीच नको, ही चूक देवघर हॉलमध्ये असलेल्या घरात फार होते.

तर या रविवारी आधी काकूंशेजारी गॅलरीत बसा आणि विचारा, तिथे गेल्यावर तुला काय आवडलं नाही. उत्तर लगेच येणार नाही, चहा होऊ द्या. आणि गावी शूटिंग कराल तेव्हा फोन छातीशी धरून काकूंच्या चालीने चाला, तुमच्या चालीने चाललात तर व्हिडिओ बघूनच त्यांना धाप लागेल.